अंथरुणाला खिळलेल्याची पाठ कोण पाहणार?

माझी फुई म्हणजे वडिलांची थोरली बहीण. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर तिची उमेदीची सगळी वर्षे गेली. सकाळी लाल मिरची उन्हात पसरायची, दुपारी देठ खुडायचे आणि संध्याकाळी खोकत घरी यायचे. बोटांची आग रात्रीसुद्धा जात नसे. घरातले लहान मूल डोळे चोळून रडायला लागले की बायका म्हणत, फुईने उचलून घेतले असणार. अशा या फुईला लकवा झाला आणि तिची उजवी बाजू गेली. मुलगा सुरतेला कापडाच्या कारखान्यात, सून तिथेच चार घरची धुणीभांडी करणारी आणि एका खोलीत पाच माणसे. इकडे आम्ही दोघे नवराबायको कामावर जाणारे. शेवटी सर्वांनी विचार करून तिला दुसऱ्या गावच्या एका वृद्धाश्रमात ठेवले. संस्थेचे नाव लिहीत नाही. तिच्यासारख्या संस्था पुष्कळ आहेत आणि त्या चालविणारे सगळेच काही वाईट नसतात.

ठेवण्याआधी आम्ही पाहायला गेलो होतो. पाहिले म्हणजे काय पाहिले? फरशी चकचकीत होती. दारात फुलझाडे होती. भिंतीवर थोर पुरुषांच्या तसबिरी होत्या, देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी होती. व्यवस्थापक गोड बोलले, चहा दिला. स्वयंपाकघर दाखविले, तेही स्वच्छ. आम्ही समाधानाने परत आलो.

दोन महिन्यांनी केळी घेऊन भेटायला गेले तेव्हा फुई पांढऱ्या चादरीवर स्वच्छ पातळात पडली होती. केस विंचरलेले होते. मी जवळ बसले तशी ती कानाशी हळूच म्हणाली, "मनी पाठ जयस व माय." पाठ जळते म्हणाली. मी तिला कुशीवर वळविले आणि हात मागे घेतला. माकडहाडावर वाटीएवढी जखम होती. वरून चादर पांढरीशुभ्र, खाली माणूस कुजत होता. आणखी एक गोष्ट तेव्हाच दिसली. तिचा पाण्याचा तांब्या खाटेच्या उजव्या बाजूला ठेवलेला होता, आणि तिचा उजवा हात तर गेलेला!

त्या दिवसापासून मी एकच गोष्ट सर्वांना सांगत आले आहे. आपले माणूस कोठेही ठेवा, वृद्धाश्रमात, शुश्रूषागृहात किंवा सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात, तिथली फरशी पाहू नका, तिथल्या माणसाची पाठ पाहा.

पाठीवरची जखम एका रात्रीत होत नाही. मनुष्य एका जागी पडून राहिला की हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते. तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि काही तासांत मांस मरायला लागते. माकडहाड, टाचा, कुल्हे, खांद्यांची पाती, डोक्याची मागची बाजू या जागा धोक्याच्या. ओल असली, म्हणजे लघवीचे फडके तसेच राहिले, तर कातडी आणखी लवकर सुटते. पोटात पुरेसे अन्न, विशेषतः डाळ-अंडे नसले तर जखम भरत नाही. उपाय फार मोठा नाही. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, मध्ये उशी द्यायची, टाचा गादीपासून उचललेल्या ठेवायच्या, अंग कोरडे ठेवायचे. हवेची गादी मिळाली तर उत्तम, पण हवेची गादी आणली म्हणून कूस बदलणे सुटत नाही. हा गैरसमज मी शिकल्या-सवरल्या घरांतही पाहिला आहे.

येथे एक गोष्ट मुद्दाम लिहिते. पुस्तकात सांगतात की सुरुवातीला लाल डाग दिसतो, बोटाने दाबला तरी तो पांढरा होत नाही. ते गोऱ्या कातडीपुरते खरे. आपल्या सावळ्या, काळ्या कातडीवर लाली दिसतच नाही. म्हणून हात फिरवून पाहावे लागते. आजूबाजूच्या जागेपेक्षा तेवढाच भाग गरम लागतो का, टणक किंवा पिळपिळीत लागतो का, रंग अधिक काळपट-जांभळा झाला आहे का, स्पर्श करताच माणूस दचकतो का. डोळ्यांआधी बोटांना कळते. फुईच्या वेळी हे मला माहीत असते तर पहिल्या भेटीतच कळले असते, कारण तेव्हाही ती एका कुशीवर सरकायचा प्रयत्न करीत होती आणि आम्ही तिला "नीट पड" म्हणत होतो.

वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या माणसाला जखमा व्हायच्याच, असे कोणी म्हणाले तर त्यांना मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयाची गोष्ट सांगा. तिथली परिचारिका अरुणा शानबाग हिच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच पाशवी हल्ला झाला. त्यानंतर ती शुद्धीवर अशी कधी आलीच नाही. १८ मे २०१५ रोजी तिचे निधन झाले. जवळजवळ बेचाळीस वर्षे ती त्याच रुग्णालयात अंथरुणावर होती आणि तिच्या सहकारी परिचारिकांनी, मागून नोकरीला लागलेल्या, तिला कधी उभी न पाहिलेल्या मुलींनीही, तिचे सर्व केले. तिला मरू द्यावे अशी मागणी सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा तिच्या अंगावर शय्याव्रण नाहीत याची नोंद झाली. मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने त्या परिचारिकांची मनापासून प्रशंसा केली. हे महानगरपालिकेचे रुग्णालय, गर्दीने ओसंडून वाहणारे. तिथे जे बेचाळीस वर्षे जमले ते दोन महिने इतरांना का जमू नये?

आपल्या वाचकांना विनयपिटकातील महावग्गाची कथा माहीत असेल. एक भिक्खू पोटाच्या विकाराने स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणविले. त्यांनी पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले, आणि एकाने डोक्याकडून, दुसऱ्याने पायांकडून उचलून त्याला खाटेवर निजविले. मग इतर भिक्खूंना विचारले की याच्याकडे कोणी का पाहिले नाही? उत्तर आले की हा आमच्या काही उपयोगी पडत नाही. हे उत्तर आजही पुष्कळ ठिकाणी, वेगळ्या शब्दांत ऐकू येते. त्याच प्रकरणात शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता यावे, रोग्याला काय मानवते आणि काय मानवत नाही ते कळावे, त्याने पैशाच्या लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, मलमूत्र, थुंकी, उलटी यांची त्याला किळस वाटू नये, आणि रोग्याच्या मनाला उभारी येईल असे बोलता यावे. एखादी संस्था तपासायला याहून नेमकी पट्टी आजच्या सरकारी तपासणी-अर्जातही मला आढळली नाही. रोग्याचेही गुण तिथे सांगितले आहेत. त्यात एक असा की त्याने आपले दुखणे खरे सांगावे. फुईसारख्या जन्मभर सोसलेल्या बायांना हेच जमत नाही. "काही नाही, बरी आहे" हे वाक्य त्यांच्या तोंडात बसलेले असते. म्हणून "बरी आहेस ना?" असे विचारू नये. "कुठे दुखते, रात्री झोप लागते का, कूस कोण बदलते?" असे विचारावे, आणि तेही व्यवस्थापक बाजूला गेल्यावर.

आता वेदनेबद्दल. तंबाखू-गुटख्याने तोंडाचा कर्करोग झालेली माणसे आपल्या वस्त्यांत कमी नाहीत. रोग बरा होण्यापलीकडे गेला की मोठ्या शहरातले डॉक्टर "घरी न्या" म्हणतात आणि घरचे लोक समजतात की आता करण्यासारखे काही उरले नाही. हे खरे नाही. बरे करता येत नसले तरी दुखणे थांबविता येते, जखमेचा वास कमी करता येतो, झोप देता येते. या उपचाराला परिहारक उपचार किंवा पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. लंडनमध्ये सिसिली साँडर्स या परिचारिकेने पुढे डॉक्टर होऊन १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर हे रुग्णालय काढले, तिथून या शास्त्राला आजचे रूप आले. आपल्याकडे पहिले असे केंद्र, शांती आवेदना सदन, मुंबईत वांद्र्याला १९८६ साली डॉ. एल. जे. डिसूझा यांनी सुरू केले. पुण्यात वारजे येथे सिप्ला संस्थेचे केंद्र १९९७ पासून आहे. दोन्ही ठिकाणी सेवा विनामूल्य आहे. पण धडगाव-अक्कलकुव्याच्या माणसाला वांद्रे आणि वारजे म्हणजे चंद्रावर असल्यासारखेच.

तीव्र वेदनेवर तोंडाने घ्यायचे मॉर्फिन हे मुख्य औषध. ते अफूपासून होते म्हणून १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर ते दवाखान्यांतून जवळजवळ नाहीसे झाले. एकेका रुग्णालयाला अनेक परवाने काढावे लागत. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त संस्थेला ते ठेवणे सोपे झाले. तरीही पुष्कळ ठिकाणी "सवय लागेल" असे सांगून ते टाळतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वेदनेच्या मापाने दिल्यास व्यसनाची भीती फार थोडी. मात्र त्याने शौचाला कडक होते, म्हणून सोबत रेचक द्यावेच लागते. तुम्ही ज्या संस्थेत माणूस ठेवणार आहात तिथे सरळ विचारा: दुखणे वाढले तर रात्री कोणते औषध देता? मॉर्फिन कुलपात असते का? त्याची नोंदवही कोण लिहिते? कर्करोगाच्या माणसासाठी जे केंद्र नुसती साधी गोळी दाखवील, तिथे त्याला ठेवून तुम्ही सुखाने झोपू शकणार नाही. मरणाच्या दारातल्या माणसांची काळजी कोणता देश कशी घेतो याची तुलना एका इंग्रजी संस्थेने २०१० साली केली, तेव्हा चाळीस देशांत आपला नंबर चाळिसावा होता. २०१५ साली ऐंशी देशांत सदुसष्टावा आला.

आपल्या जिल्ह्यात सिकलसेल हा आणखी एक मोठा आजार. त्याचे दुखणे झटक्याने येते आणि तरणी मुलेसुद्धा गुरासारखी ओरडतात. तेव्हा वेदनेचा उपचार फक्त म्हाताऱ्यांचा विषय आहे असे कोणी समजू नये.

रात्रीबद्दल मी जरा जास्त बोलते, कारण सर्व काही रात्रीच घडते. भेटायला जायचे तर एकदा तरी न सांगता, संध्याकाळी उशिरा जा. दिवसा चार माणसे कामावर दिसतात, पण रात्री किती जागी असतात? वीस खाटांना एक म्हातारा पहारेकरी असेल तर कूस बदलणार कोण? संडासापर्यंत दिवा असतो का, फरशी ओली राहते का, धरायला भिंतीला दांडा आहे का, दार आतून अडकले तर बाहेरून उघडते का, हे पाहा. म्हातारे माणूस संडासात पडते, खुबा मोडतो आणि मग ते उठतच नाही. पडते म्हणून काही ठिकाणी खाटेला बांधून ठेवतात. हा गुन्हाच आहे असे समजा. भरविताना बसवून भरवतात की पडल्या-पडल्याच तोंडात घालतात, तेही पाहा. लकव्याच्या माणसाचा घास श्वासनळीत गेला तर छातीत न्यूमोनिया होतो.

आणि आग. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा तान्ही बाळे गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला आणि अकरा रुग्ण दगावले. जो स्वतः उठून पळू शकत नाही त्याच्यासाठी मागचे दार ही शोभेची वस्तू नसते. माझ्या फुईच्या आश्रमाचे मागचे दार कुलपात होते. किल्ली कोठे आहे ते दोन बायांना विचारले, दोघींनी दोन वेगळ्या जागा सांगितल्या. उलट, आधी विचार केला तर काय होते हेही आपल्याच जिल्ह्याने पाहिले. २०२० साली तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी जिल्ह्यात ऑक्सिजनचे प्रकल्प उभारून घेतले. पुढच्या वर्षी मोठी शहरे सिलिंडरसाठी धावत होती तेव्हा नंदुरबारचे नाव देशभर झाले. ऑक्सिजन वाया जाऊ नये म्हणून खाटांवर लक्ष ठेवणाऱ्या खास परिचारिकाही येथे नेमल्या होत्या. मागास जिल्हा म्हणून हिणवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

तपासणी करायची कोणी? इथे खरा गोंधळ आहे. वृद्धाश्रम सामाजिक न्याय विभागाचा विषय, दवाखाना आरोग्य विभागाचा. खासगी दवाखान्यांना १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली नोंदणी लागते आणि २०२१ च्या सुधारित नियमांनुसार रुग्णांच्या हक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. सरकारी दवाखान्यांना गुणवत्तेची राष्ट्रीय मानके आहेत, २०१५ पासून कायाकल्प नावाची स्वच्छतेची स्पर्धा आहे. पण अंथरुणाला खिळलेली म्हातारी वृद्धाश्रमात असते तेव्हा तिला लागतो दवाखाना आणि तिची जागा असते आश्रम. आश्रमाचे अधिकारी खोल्या, भांडी, हिशेब तपासतात. पाठ त्यांच्या अर्जात नसते. आरोग्य खाते म्हणते, ते आमचे नव्हे. शिवाय तपासणी आधी कळवून येते. आदल्या दिवशी सगळ्या चादरी बदलतात, हे दवाखान्यांत काम करणाऱ्या आपल्या भगिनींना मी सांगायची गरज नाही.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात लिहिले आहे की प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी किमान एक, दीडशे माणसांचा आश्रम सरकार काढू शकेल. "काढील" असे नाही, "काढू शकेल". त्या एका शब्दात किती म्हाताऱ्यांची आयुष्ये अडकली आहेत! मुले सांभाळीत नसतील तर याच कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे पोटगीचा अर्ज करता येतो, त्यासाठी वकील लागत नाही. आश्रमाबद्दलची तक्रार मात्र लेखीच करावी, तारीख घालून, जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात, आणि पोच घ्यावी. तोंडी तक्रारीने फक्त आपल्या माणसाला त्रास होतो.

पैशाचेही बोलले पाहिजे. श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन २०२३ साली दीड हजार रुपये झाले. काही ठिकाणी दाखल करतानाच पासबुक आणि कोऱ्या कागदावर अंगठा मागतात. पासबुक देऊ नका, आणि कोऱ्या कागदावर अंगठा तर कधीच नाही. महिन्याचा आकार किती, त्यात औषध, लंगोट, डॉक्टर येतो का, हे लिहून घ्या.

परंतु या सगळ्या कामाचा भार ज्यांच्या पाठीवर असतो त्या मावशींना विसरून चालणार नाही. खाटेखालचे भांडे उचलणारी, गू-मूत धुणारी बाई बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतली असते, कंत्राटावर असते आणि तिचा पगार महिनोन्‌महिने थकलेला असतो. फुईची जखम पाहून मी एका मावशीवर ओरडले. ती म्हणाली, "ताई, रात्री मी एकटी, माणसे सव्वीस." मी हिशेब केला. दर दोन तासांनी सव्वीस जणांची कूस बदलायची तर तिला बसायलाही वेळ नाही, आणि निम्म्यांना उचलायला दोन माणसे लागतात. तिला कोणी शिकविले नव्हते, हातमोजे नव्हते, तिचीच कंबर गेलेली होती. तेव्हापासून संस्था पाहताना मी पहिला प्रश्न मावशीला विचारते: पगार वेळेवर होतो का? किती दिवसांपासून इथे आहेस? जिथे दर तीन महिन्यांनी मावशा बदलतात तिथे आपले माणूस ठेवू नये.

सातपुड्यातल्या पाड्यांवर तर या चर्चेला वेगळेच रूप आहे. जिथून आजारी माणसाला बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते, नर्मदेच्या काठी तरंगता दवाखाना पाठवावा लागतो, तिथे घर हीच संस्था. मग तपासायचे ते हे की त्या घरापर्यंत कोणी पोचते का. केरळात कोझिकोडे येथे १९९३ साली काही डॉक्टरांनी सुरुवात केली. पुढे आठवड्याचे दोनेक तास देणारी साधी माणसे, शिक्षक, रिक्षावाले, गृहिणी, शिकवून तयार केली. ते शेजारचा रोगी पाहतात, त्यांच्यामागे परिचारिका आणि डॉक्टर असतो. २००८ साली त्या राज्याने त्याचे धोरणच केले. आपल्याकडे केंद्राचा वृद्ध-आरोग्य कार्यक्रम २०१०-११ पासून आहे, त्यात जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी दहा खाटांच्या वॉर्डाची तरतूद आहे. परिहारक उपचाराचा कार्यक्रम २०१२ चा. कागद आहेत. तेव्हा महिला मंडळाच्या चार बायांनी जिल्हा रुग्णालयात जाऊन विचारावे की त्या दहा खाटा कोठे आहेत, मॉर्फिन आहे का, आणि घरी येणारी परिचारिका कोणत्या दिवशी कोणत्या भागात जाते.

फुईला आम्ही दुसऱ्याच दिवशी घरी आणले. मी बिनपगारी रजा घेतली. एका निवृत्त परिचारिकाबाईंनी जखम धुवायला शिकविले आणि रात्री घड्याळाचा गजर दर दोन तासांनी लागू लागला. पहिला गजर माझा, दुसरा ह्यांचा, तिसरा धाकट्या मुलाचा. तो तेव्हा दहावीत होता आणि म्हणायचा, आजी, आता भिंतीकडे तोंड कर. तांब्या डाव्या हाताला ठेवला. पाणी पोटभर पिऊ लागली, कारण अंथरूण ओले झाले म्हणून बोलणारे कोणी नव्हते. जखम भरायला चार महिने लागले. पूर्ण भरली नाही, मध्ये चवलीएवढी राहिली. त्यानंतर सहा महिन्यांनी, पहाटेच्या गजराला ह्यांनी तिला वळवायला हात लावला, तेव्हा ती गेलेली होती. अंघोळ घालताना मी पाठ पाहिली. कोरडी होती.